फेसाचा सोस, फेसाची भीती

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीने मला एक फोटो पाठवला. मुलीच्या फेसवॉशच्या बाटलीची मागची बाजू, आणि तिथल्या बारीक अक्षरांत ‘सोडियम लॉरेथ सल्फेट’ या नावाभोवती लाल शाईचं वर्तुळ. सोबत चार ओळी होत्या. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की हे रसायन फरशी धुवायच्या द्रावणात घालतात आणि त्यानं कॅन्सर होतो. बाटली टाकून देऊ का, असा त्यांचा प्रश्न होता. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य: ‘तिचे गाल हल्ली सारखे लाल असतात, पण ते उन्हानं असेल.’

मी उत्तराला त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात केली. मुलगी दिवसातून किती वेळा तोंड धुते, असं विचारलं. पाच-सहा वेळा, असं कळलं. सकाळी, कॉलेजातून आल्यावर, क्लासहून आल्यावर, झोपताना, आणि मध्ये चेहरा तेलकट वाटला की पुन्हा. हातात भरपूर फेस होईपर्यंत चोळायचं, आणि धुतल्यावर गालावर बोट फिरवलं की कर्र वाजलं पाहिजे, तरच तिला स्वच्छ वाटायचं.

आधी कॅन्सरचं बोलू, कारण ती भीती मनात असली की पुढचं काही ऐकू येत नाही. सोडियम लॉरिल सल्फेट आणि त्याचं थोडं मवाळ भावंड सोडियम लॉरेथ सल्फेट यांच्यामुळे माणसाला कॅन्सर होतो असा पुरावा नाही. ही अफवाही जुनी आहे. १९९८ च्या सुमारास ती ईमेलमधून जगभर फिरली होती आणि तेव्हाही तिच्यात फरशी धुण्याचा दाखला होता. अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं तिचं खंडन केलं होतं. फरशीच्या द्रावणात हे पदार्थ असतात हे खरं. तेल आणि मळ सुटा करायचं काम फरशीवर, भांड्यावर आणि अंगावर एकच असतं, म्हणून पदार्थही एकाच घराण्यातले वापरले जातात. त्यातलं किती अंगाला लागतं आणि किती वेळ राहतं, यावर पुढचं सारं ठरतं.

मात्र या अफवेत सत्याचा एक कण आहे आणि तो तुमच्यापासून लपवणं मला बरोबर वाटत नाही. ‘लॉरिल’ला मवाळ करून ‘लॉरेथ’ बनवताना इथिलीन ऑक्साइड वापरतात. त्या क्रियेत १,४-डायऑक्सेन नावाचा पदार्थ अगदी थोडा तयार होतो. तो कुणी मुद्दाम घालत नाही, म्हणून लेबलवर त्याचं नाव कधीच दिसत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानं कॅन्सर झाल्याचं आढळल्यामुळे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला ‘माणसात कॅन्सर करू शकण्याची शक्यता’ असलेल्या गटात ठेवलं आहे. निर्वात यंत्रणेतून तो काढून टाकता येतो आणि चांगले कारखाने तो काढतात. दहा लाख भागांत १० भागांपर्यंत तो असला तर ग्राहकाला धोका नाही, असं युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीनं २०१५ मध्ये सांगितलं. न्यूयॉर्क राज्यानं तर अंग धुण्याच्या उत्पादनांसाठी ही मर्यादा २०२३ च्या अखेरीपासून १ भागावर आणली. इतकी कडक मर्यादा सगळीकडे असावी असं माझं मत आहे, आपल्या देशातही. पण घाईघाईनं धुऊन टाकायच्या फेसातून अंगात जाऊ शकणारं त्याचं प्रमाण इतकं नगण्य असतं की त्यासाठी कुणाची झोप उडू नये.

यादीतलं एक नाव मात्र मी स्वतः टाळते: कोकामाइड डीईए. फेस दाट आणि टिकाऊ व्हावा म्हणून ते घालतात. उंदरांच्या कातडीला लावल्यावर ट्यूमर झाल्याच्या प्रयोगांवरून तेही त्याच ‘शक्यता’ गटात गेलं आहे. त्याला चांगले पर्याय आहेत, तेव्हा बाटलीवर ते दिसलं तर दुसरी बाटली उचलावी.

आता त्या लाल गालांकडे येते. माझ्या दवाखान्यात फेसामुळे येणारे रुग्ण रोज असतात आणि त्यांच्यातला कुणीही कॅन्सरचा नसतो. त्यांची कातडी तडतडते, ओठांच्या कडेला पापुद्रे येतात, हिवाळ्यात नडग्यांवर भेगा पडतात, बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते. हे दुखणं हळूहळू येतं आणि दिसायला मामुली असतं, म्हणून त्याची कुणाला धास्ती वाटत नाही. मला वाटते.

फेस करणाऱ्या पदार्थाच्या प्रत्येक कणाला दोन टोकं असतात. एकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. तेलाकडे ओढ असलेली टोकं मळाच्या थेंबाभोवती गोळा होतात, पाण्याकडची टोकं बाहेर राहतात, आणि तो थेंब पाण्याबरोबर वाहून जातो. साबण असो, सल्फेट असो की रिठ्याचं पाणी, सगळ्यांची रीत हीच. अडचण एवढीच की आपल्या त्वचेचं तेल आणि बाहेरून आलेलं तेल यांत त्या कणाला फरक कळत नाही.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर चेहऱ्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतकाच जाड असतो. मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या, आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं यांचा गिलावा. आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचं काही आत येऊ द्यायचं नाही, हे त्या गिलाव्याचं काम. या थराचा पीएच साधारण ५ असतो, म्हणजे किंचित आंबट, आणि गिलावा तयार करणारी विकरं याच आंबटपणात नीट काम करतात. आपली नेहमीची साबणाची वडी ९ ते १० पीएचची असते. अंघोळीनंतर निरोगी त्वचा काही तासांत पुन्हा आपल्या जागी येते. दिवसातून सहा वेळा तोंड धुणाऱ्या मुलीच्या त्वचेला ते काही तास मिळतच नाहीत.

सोडियम लॉरिल सल्फेटचा कण आकारानं लहान असतो, वरच्या थरात शिरतो, तिथल्या केराटिन प्रथिनाला चिकटतो आणि त्याला फुगवतो. पेशींमधला पाणी धरून ठेवणारा नैसर्गिक साठा धुऊन निघतो. त्वचादाहाचा अभ्यास करणाऱ्यांना मुद्दाम थोडी त्वचा चाळवायची असते तेव्हा ते जगभर हाच पदार्थ मोजून लावतात. आमच्या शास्त्रात ती ठरलेली मोजपट्टी आहे. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन-घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ मंडळानं १९८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की थोडा वेळ लावून नीट धुऊन टाकायच्या उत्पादनांत तो सुरक्षित आहे, पण अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत १ टक्क्यापेक्षा जास्त नसावा. चाळीस वर्षांपूर्वीचा तो निष्कर्ष मला आजही पटतो, कारण त्यात पदार्थाच्या नावाइतकाच त्याच्या वापराचाही विचार केला आहे.

तो एक टक्कासुद्धा किती महत्त्वाचा ठरतो, याचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना ते नेहमी सांगते. तिथे ‘अ‍ॅक्वस क्रीम’ नावाचं एक साधं, स्वस्त, पांढरं मलम पिढ्यान् पिढ्या इसबाच्या रुग्णांना लिहून दिलं जायचं. लहान मुलांच्या कोरड्या अंगाला ते चोपडलं जायचं. मलमातलं तेल आणि पाणी एकत्र राहावं म्हणून त्यात साधारण १ टक्का सोडियम लॉरिल सल्फेट असे. मुलं ते लावलं की झोंबतं म्हणून रडायची, आणि रडणं कोरडेपणाचंच समजून आणखी मलम लावलं जायचं. २०१० मध्ये बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या हातावर ते चार आठवडे रोज लावून पाहिलं. त्वचेचा वरचा थर पातळ झाला आणि तिच्यातून पाणी जास्त उडू लागलं. २०१३ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं इसब असलेल्या मुलांबाबत सावधगिरीची सूचना दिली. बाटलीतल्या बहुतेक फेसवॉशमध्ये फेस करणाऱ्या पदार्थांचं प्रमाण याहून कितीतरी जास्त असतं. फरक एवढाच की ते अर्ध्या मिनिटात धुतलं जातं. म्हणून चेहऱ्यावर फेसवॉश लावून मास्कसारखं पाच मिनिटं ठेवणाऱ्या मुला-मुलींना मी कळकळीनं सांगते, असं करू नका. त्या पाच मिनिटांत जास्त स्वच्छता होत नाही, गिलावा मात्र जातो.

मग ‘सल्फेट-फ्री’ घ्यावं का? कोरड्या आणि नाजूक त्वचेला बऱ्याचदा त्याचा फायदा होतो. पण त्या दोन शब्दांवर डोळे मिटून विसंबू नका. काही सल्फेट-फ्री बाटल्यांत सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट असतं. नावात सल्फेट नसलं तरी तेही चांगलंच कडक आहे. खोबरेल तेलापासून बनणारं कोकामिडोप्रोपिल बीटेन हे सौम्य म्हणून लहान मुलांच्या शाम्पूतही वापरतात, आणि ते सौम्य आहेही. तरी त्यात राहून गेलेल्या अशुद्धींमुळे काहींना पापण्यांवर, मानेवर, केसांच्या कडेनं अ‍ॅलर्जी येते. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीनं २००४ साली त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक’ ठरवलं होतं. साखर आणि वनस्पती तेलातून बनणारी ग्लुकोसाइडं तर सगळ्यांत मवाळ मानली जातात. तरी २०१७ साली ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक’ हा मान त्यांच्याकडे गेला. याचा अर्थ ती वाईट आहेत असा घेऊ नका. दाह आणि अ‍ॅलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाह कुणालाही होऊ शकतो, जितकं जास्त लावाल तितका जास्त. अ‍ॅलर्जी मोजक्यांनाच होते, पण झाली की थेंबभरही चालत नाही. आणि बऱ्याचदा दोष फेसाचा नसून बाटलीतल्या सुगंधाचा किंवा मिथाइलआयसोथायाझोलिनोन या टिकाऊपणासाठी घातलेल्या पदार्थाचा निघतो. ते पॅच टेस्ट केल्याशिवाय कळत नाही, अंदाजानं बाटल्या बदलत बसून तर नाहीच.

‘डॉक्टर, आम्ही काही केमिकल वापरत नाही, रिठा-शिकेकाईच वापरतो,’ असं सांगणाऱ्या आज्या आणि आता त्यांच्या नातीही मला भेटतात. रिठ्यात सॅपोनिन असतं आणि तेच त्याचा फेस. फेस आहे म्हणजे तेल उचलणं आलं, आणि गिलावा उचलणंही आलं. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं की काय होतं हे ज्यांचे केस लहानपणी आजीनं धुतले आहेत त्यांना विसरता येणार नाही. शिकेकाई मवाळ आहे, किंचित आंबटही आहे, डोक्याला चांगली; पण भरड दळलेली असेल तर चेहऱ्यावर घासू नये. उटण्याचंही तसंच. आपल्या रिवाजात मला मनापासून आवडणारी गोष्ट म्हणजे अभ्यंगस्नानाचा क्रम: आधी सगळ्या अंगाला तेल, ते मुरेपर्यंत थांबायचं, मग उटणं, मग पाणी. धुण्याआधी तेलाचा एक थर दिला की धुणारा पदार्थ आधी त्याला उचलतो, आतल्याला कमी हात लावतो. कोरड्या त्वचेच्या माणसांनी हा क्रम नरक चतुर्दशीपुरता ठेवू नये. थंडीत आठवड्यातून दोनदा तरी अंघोळीआधी पंधरा मिनिटं हातापायांना तेल लावावं.

पाण्याबद्दल बोलल्याशिवाय आमच्या मराठवाड्यात साबणाची गोष्ट पुरी होत नाही. उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं आणि मधले दिवस बोअरवर काढावे लागतात. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट पांढरा थर करतं. बादलीच्या कडेला दिसतो तोच अंगावरही बसतो. फेस येत नाही म्हणून माणूस आणखी साबण लावतो, आणि दोन बादल्या पाणी नसल्यामुळे तो पुरता धुतला जात नाही. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की जड पाण्यानं धुतलेल्या त्वचेवर सोडियम लॉरिल सल्फेटही जास्त शिल्लक राहतं, आणि इसबाची प्रवृत्ती असलेल्यांना त्याचा त्रास जास्त होतो. टंचाईच्या गावात ‘भरपूर पाण्यानं धुवा’ असं लिहिणं मला जड जातं. म्हणून वेगळं सांगते: साबण कमी ठिकाणी लावा. काखा, जांघा, पावलं, आणि ज्या भागाला खरोखर मळ किंवा घाम लागला आहे तिथे. पोटऱ्या, दंड, पाठ, पोट यांना रोज साबणाची गरज नसते, नुसतं पाणी पुरतं. साबण निम्मा लागेल आणि धुवायला पाणीही.

दुकानात काय पाहायचं तेही सांगते. साबणाच्या वेष्टनावर ‘टीएफएम’ (म्हणजे एकूण मेदद्रव्य) आणि ग्रेड लिहिलेला असतो. पहिल्या ग्रेडच्या टॉयलेट सोपमध्ये किमान ७६ टक्के मेदद्रव्य हवं, असा भारतीय मानक ब्यूरोचा नियम आहे. ‘बेदिंग बार’मध्ये ते बरंच कमी चालतं. जास्त टीएफएमची वडी चांगल्या दर्जाची आणि टिकाऊ असते, पण तिचा पीएच साबणाचाच. ती मवाळ असेलच असं त्या आकड्यावरून ठरत नाही. कोरड्या त्वचेला साबण नसलेली वडी मिळते, आम्ही तिला सिंडेट म्हणतो. त्यात बहुधा सोडियम कोकोइल आयसेथायोनेट असतं आणि पीएच त्वचेच्या जवळ ठेवलेला असतो. जड पाण्यात तिचा पांढरा थरही बसत नाही. बाटलीच्या यादीत जास्त प्रमाणातले घटक आधी लिहिलेले असतात. पाण्यानंतर लगेच लॉरिल सल्फेट आलं असेल आणि तुमची त्वचा कोरडी असेल, तर ती बाटली तुमच्यासाठी नाही. तेलकट, धडधाकट त्वचेचा तरुण मुलगा तीच बाटली दिवसातून दोनदा वर्षानुवर्षं वापरेल आणि त्याला काही होणार नाही.

फेस जितका जास्त तितकी स्वच्छता जास्त, ही समजूत आपल्या मनात खोलवर बसली आहे. फेस म्हणजे पातळ पडद्यात अडकलेली हवा. मळ उचलण्याचं काम पाण्यातले कण करतात, बुडबुडे करत नाहीत. कमी फेसाची सिंडेट वडी नेणारे कित्येक रुग्ण आठवड्यानं परत येऊन सांगतात, ‘मॅडम, अंघोळ केल्यासारखं वाटत नाही.’ त्यांना मी म्हणते, अंघोळीनंतर कातडी ताणल्यासारखी न वाटणं, हीच नीट अंघोळ झाल्याची खूण समजा.

आणि ज्यांच्याबद्दल मला सगळ्यांत जास्त लिहावंसं वाटतं, त्या तुमच्याआमच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशी. पाच-सहा घरं, प्रत्येक घरी वेगळा भांड्याचा साबण, कपड्याचा सोडा, वर फिनेल. हात दिवसभर ओले. बोटांना भेगा, नखांच्या मुळांशी सूज, मीठ-तिखट लागलं की आग. चेहऱ्याच्या बाटलीवरच्या एका नावासाठी आपण अस्वस्थ होतो आणि याहून कितीतरी जास्त क्षार रोज त्यांच्या हाताला लागतो. त्यांना रबरी हातमोजे आणून द्या, आत घालायला पातळ सुती मोजेही, कारण घामेजल्या रबरानं त्रास वाढतो. ओट्यावर पेट्रोलियम जेलीची डबी ठेवा आणि काम झालं की लावूनच जा असं सांगा. परिचारिकांना आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांनाही एक सांगते: हात दिसायला मळलेले नसतील तर पुन्हा पुन्हा साबणापेक्षा अल्कोहोलचं सॅनिटायझर त्वचेला कमी त्रासदायक असतं. भेगांवर ते झोंबतं, म्हणून ते वाईट वाटतं. भेगा बहुधा साबणानं पाडलेल्या असतात.

बाळांना पहिल्या महिन्यांत रोज साबण लागत नाही. सत्तरीपुढच्यांच्या पायांनाही नाही. तोंडात वारंवार छाले येत असतील तर टूथपेस्टची यादी वाचा. तिथेही सोडियम लॉरिल सल्फेट असतं, आणि ते नसलेली पेस्ट वापरल्यावर काहींचे छाले कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. दोन महिने बदलून पाहायला हरकत नाही.

त्या मुलीला मी बाटली फेकायला सांगितलं नाही. तेवढी संपेपर्यंत पायांसाठी वापर, म्हटलं. चेहऱ्याला सौम्य क्लेन्झर, सकाळी आणि रात्री, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. कोमट पाणी, वीस सेकंद, टॉवेलनं टिपायचं, आणि ओलसर असतानाच साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. मधल्या वेळी तेलकट वाटलं तर नुसतं पाणी. पहिला आठवडा तिला अगदी अवघड गेला, असं आईनं कळवलं. तिसऱ्या आठवड्यात तडतड थांबली. लाली उतरायला दीड महिना लागला, कारण एकदा ढासळलेला गिलावा पुन्हा चढायला तेवढा वेळ लागतोच.

एवढं करूनही महिनाभरात फरक नसेल, पाणी सुटत असेल, पापण्या सुजत असतील किंवा खाजेनं रात्री जाग येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून स्टेरॉइडचं मलम विचारून आणून चेहऱ्याला लावू नका. आणि दाखवायला येताना घरात जे जे अंगाला, केसांना, दातांना, भांड्यांना लागतं, ते सगळं एका पिशवीत घालून घेऊन या. अर्धी रिकामी झालेली शाम्पूची बाटलीसुद्धा.